मारव्वेभोवतीचे कंस

जयनगरात गुलाबी फुलांची झाडं फुलली की माणसं माना वर करून चालायला लागतात. झाडावर पान म्हणून नसतं, नुसती फुलं. खालच्या फुटपाथवरही तीच, आणि त्यांच्यात उभं राहून फोटो काढणारी तरुण मंडळी. शेजारच्या कमलाक्का दर वर्षी गॅलरीतून हाक मारून सांगतात, "बघितलंस का गं, यंदा किती आलंय!" मी बघते, छान म्हणते, आणि आत निघून येते. कारण फुलांच्या मागोमाग आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो. मागे घेताना तो जी पिपाणी वाजवतो ती ऐकली की मला देवनहळ्ळीच्या पुढचं एक कोरडं तळं आठवतं आणि त्याच्या तळाशी टोपी घालून उभे असलेले अण्णा दिसतात. त्या उन्हाळ्यात सगळं शहर पाण्याची वाट बघत होतं आणि आम्ही बापलेक पाणी येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून होतो. हे कुणाला सांगायची आजही लाज वाटते.

मी जन्माची काळजीखोर. गॅस बंद केला का ते बघायला रिक्षा अर्ध्या वाटेतून परत फिरवणारी. हा गुण अण्णांकडून आला. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि परत जायचं विसरले, असं अण्णा सांगतात. घरात मराठी, दारात कानडी आणि भांडण पेटलं की दोन्ही, अशी आमची रीत. बँकेतली नोकरी सांभाळून अण्णांनी आयुष्यभर एकच छंद केला, शिलालेख वाचायचा. रविवारी सकाळी इतरांचे वडील मुलांना लालबागेत न्यायचे. आमचे वडील आम्हाला कुणाच्या तरी शेतात नेऊन दगड घासायला लावायचे.

दगड घासायचा, धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा आणि ब्रशनं ठोकत राहायचं. कागद अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. मग शाईत बुडवलेली कापडाची पुरचुंडी त्यावर हलके हलके फिरवायची. खाचा पांढऱ्या राहतात, बाकीचा कागद काळा होतो, आणि हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीनं केलेलं बोलणं कागदावर उतरून येतं. याला ठसा घेणं म्हणतात. ओल्या कागदाचा तो वास, शाईनं काळी झालेली बोटं आणि डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा भात, हे माझं बालपण. शाई भाताला लागू नये म्हणून अण्णा मला घास भरवायचे.

अण्णांची काळजी मात्र माझ्यापेक्षा वेगळ्या जातीची. दगड म्हणतो त्यापेक्षा आपण जास्त तर म्हणत नाही ना, ही ती काळजी. शिलालेख छापताना एक शिस्त असते. जे अक्षर दगडावर दिसतं ते तसंच लिहायचं. जे झिजलंय, फुटलंय आणि वाचणाऱ्यानं अंदाजानं भरलंय, ते चौकटी कंसात घालायचं. "कंसाच्या बाहेर दगड बोलतो, कंसाच्या आत मी बोलतो," असं अण्णा सांगायचे. ही शिस्त त्यांनी घरातही आणली. खात्री नसली की ते दोन्ही हात उभे धरून त्या शब्दाला कुंपण घालायचे. "काशीकाका उद्या येतो म्हणालाय," असं म्हणताना 'उद्या'च्या दोन्ही बाजूंना हात. आई वैतागून म्हणायची, "हात खाली घ्या आणि काय ते नीट सांगा, मी कुकर किती जणांचा लावू?"

तर ते तळं. अण्णा तिशीत असताना देवनहळ्ळीच्या पुढच्या एका गावात त्यांना तळ्यातला लेख सापडला. तळ्यातून शेताकडे पाणी सोडायची जुनी दगडी मोरी होती. तिचे दोन खांब पाण्यात उभे, आणि एका खांबावर जुन्या कानडीतल्या ओळी. अमुक नायकाच्या मुलीनं हे तळं बांधवलं, एवढं लागत होतं. मुलीच्या नावाची ओळ नेमकी गाळाच्या काठावर आलेली. वरची बाजू झिजलेली, खालची चिखलात. नावाच्या शेवटचं 'व्वे' तेवढं दिसलं. मोरी चालू होती, उकरू द्यायला गावकरी तयार नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात येऊ म्हणून अण्णा परतले, आणि पुढचे सगळे उन्हाळे बदल्यांत आणि आमच्या शाळांत गेले. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या दगडावर त्याच घराण्यातली एक मारव्वे सापडते. तिच्या आधारानं अण्णांनी आपल्या छोट्या पुस्तिकेत ते नाव घातलं. अर्थात चौकटी कंसात.

पुस्तिका कुणी वाचली नाही. अशा पुस्तिका वाचायच्या नसतातच, त्या लग्नात आहेराबरोबर द्यायच्या असतात. पण मग सगळं जुनं कागदपत्र यंत्रात घालायचं युग आलं. एका संकेतस्थळानं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अशा पुस्तिकांची पानं चढवली, यंत्राकडून ती वाचून घेतली आणि शिलालेखांचा मोठा साठा उभा केला. खरोखर उपकाराचं काम. मी ते अण्णांना कौतुकानं दाखवलं, अक्षर मोठ्ठं करून. तोवर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आला होता आणि कडांनी अंधार आत सरकत होता. ते फोन नाकाजवळ धरून खूप वेळ बघत राहिले.

"वैजू, कंस कुठं आहेत?"

मला वाटलं त्यांना दिसत नाहीयेत. मी पाहिलं. नव्हतेच. पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या त्या दोन बारीक खुणा यंत्रानं डाग समजून टाकून दिल्या असाव्यात. तळं बांधणारीचं नाव: मारव्वे. आधार: खाली अण्णांचं पूर्ण नाव.

त्या साठ्यातून ते आणखी चार ठिकाणी गेलं होतं. माझ्या भाच्यानं फोनलाच विचारलं तेव्हा फोन म्हणाला की हे तळं मारव्वे नावाच्या दानशूर राणीनं बांधलं. "राणी कुठून आली?" अण्णा म्हणाले. भाचा हसला, त्याला गंमत वाटली. मला मात्र अण्णांचा चेहरा बघवेना. त्यांनी कधीच न केलेलं विधान त्यांच्या नावावर, त्यांच्या सहीनिशी म्हणावं तसं, जगभर उभं होतं.

मी स्वतः एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत माहितीच नीट लावते. लाखो नोंदी इकडून तिकडे हलवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे हे कसं होतं ते मला नेमकं माहीत आहे. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना नाव टिकतं, आकडा टिकतो. 'बहुधा' टिकत नाही. त्याला ठेवायला जागाच केलेली नसते. मीही कितीदा असे 'बहुधा' गाळले असतील, या विचारानं त्या आठवड्यात मला ऑफिसात धड काम सुचलं नाही.

अण्णांनी एकच गोष्ट धरली. "एक तर ते नाव दगडावर सापडू दे, नाहीतर माझे कंस मला परत मिळू देत. डोळे आहेत तोवर."

डोळे आहेत तोवर, हे ते सहज बोलून गेले. मी रात्रंदिवस तेच घोकत बसले.

आणि तो उन्हाळा आला. बोअरवेली आटल्या. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज सकाळी किती वाजता किती वेळ पाणी येईल याची सूचना यायची आणि तिच्याखाली भांडणं. कमलाक्का भांडी घासायच्या ऐवजी केळीची पानं आणायला लागल्या. एचएसआरला ऑफिसच्या स्वच्छतागृहात नळांना कापड बांधलेलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुरलीनं बायकामुलांना गावी पाठवून दिलं होतं. अशात एका सकाळी साकम्माचा फोन आला. साकम्मा त्या गावातल्या महिला संघाची पुढारी, घसा मोठा, मन त्याहून. संघाचं नाव 'मारव्वे महिला संघ'. नाव अर्थातच फोनमध्ये वाचून ठेवलेलं, आणि त्याखालचं अण्णांचं नाव वाचून तिनं त्यांचा नंबरही मिळवलेला.

"अण्णा, केरे पूर्ण सुकलं," ती कानडीत म्हणाली. केरे म्हणजे तळं. "तुमचा दगड गाळापर्यंत उघडा पडलाय. पण लवकर या. शहरातून पाणी सोडणार आहेत."

शहराचं न्हाण्या-धुण्याचं पाणी साफ करून ते नळावाटे आसपासच्या जिल्ह्यांतल्या कोरड्या तळ्यांत सोडतात. या गावाची पाळी त्याच महिन्यात होती. नेमकी कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आज म्हणा, उद्या म्हणा. पंपाचं काहीतरी बिघडलं होतं आणि ते दुरुस्त झालं की पाणी येणार होतं.

त्या दिवसापासून अण्णा सकाळी कॉफीच्या आधी साकम्माला फोन लावायचे. "नीरू बंता?" पाणी आलं का? तिकडून नकाराचं "इल्ला अण्णा" आलं की त्यांचे खांदे खाली यायचे, हायसं वाटल्यासारखे. मीही सुटकेचा श्वास टाकायची. आणि लगेच मला साकम्माच्या आवाजातला कोरडेपणा ऐकू यायचा. तिच्या गावातली गुरं टँकरवर होती. आम्ही विचारत होतो तो प्रश्न आणि ती देत होती ते उत्तर एकच होतं, पण आम्हाला त्याचा आनंद होत होता आणि तिला नाही. देवासमोर दिवा लावताना प्रश्न पडायचा. काय मागायचं?

मुरलीला मी भीत भीत विचारलं. आमच्या कंपनीत यंत्रांचे सुटे भाग मापायला एक स्कॅनर आहे. तो वस्तूवर उजेडाचे पट्टे टाकतो आणि केसाएवढी खाचही टिपतो. साहेबांची परवानगी निघाली, मुरली तयार झाला आणि एका शनिवारी आम्ही निघालो. अण्णांनी गाडीत ठशाचं सामानही घेतलं. "स्वल्प जड होईल, पण असू दे," म्हणाले. सामानात पाण्याचे दोन कॅन होते. कागद ओला करायला पाणी लागतं.

देवनहळ्ळीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लेआउटच्या कमानी लागल्या. आत घरं नाहीत, नुसते आखलेले रस्ते आणि दिव्यांचे खांब. मधेच एखादी द्राक्षाची बाग राहून गेलेली. तळ्याचा बांध चढलो आणि खाली पाहिलं. भेगाळलेली जमीन, शिंपले, प्लास्टिकच्या चपला, एका बाजूला क्रिकेटचे स्टंप. डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं की अण्णांनी टोपी धरली. की दुसऱ्या खेपेला गेलं विमान? आता लिहिताना खात्री वाटत नाही. अण्णांची मुलगी म्हणून मला हे वाक्य कंसात घालायला हवं.

मोरीचे खांब मधोमध उभे होते. संघाच्या बायका फावडी घेऊन आल्या होत्या. त्यांनी खांबाच्या पायथ्याचा वाळलेला गाळ हळूहळू मोकळा केला. अण्णा जवळ बसून "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मी कॅन उघडून फडका भिजवला तशी साकम्मा माझ्याकडे बघत राहिली.

"प्यायचं पाणी ना गं ते?"

"हो."

"दगडाला?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. अण्णांनी ऐकलं. त्यांनी एक कॅन उचलून तिच्या हातात दिला आणि दुसऱ्यातलं पाणी वाटीत घेऊन फडक्याच्या टोकानं दगड पुसायला लागले. कागद भिजवायचं काही त्यांनी नाव काढलं नाही. त्या दिवशी ठसा घेतलाच नाही. सगळी भिस्त मुरलीच्या यंत्रावर ठेवली.

मुरलीनं यंत्र लावायच्या आधी अण्णांनी बोटं फिरवली. डोळे मिटून. वरच्या ओळी त्यांना पाठ होत्या, तरी प्रत्येक अक्षरावर थांबत होते. नायकाचं नाव, मग 'याची मुलगी', मग बोट खाली उतरलं आणि उजवीकडून सरकलं. "व्वे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. बोट डावीकडे निघालं आणि खड्ड्यात पडलं.

ताटलीएवढा तुकडा उडालेला होता. कडा ताज्या, पांढऱ्या. त्याच्या खाली दगडावर समांतर ओरखडे. गावाकडं कुणालाही ओळखता येतील असे, जेसीबीच्या दातांचे.

"मागं केरे साफ केलं ना, तेव्हा लागलं असणार," साकम्मा म्हणाली. "वर्षानुवर्षं अर्ज करत होतो, कुणी लक्ष देत नव्हतं. मग फोनमधलं ते मारव्वे राणीचं दाखवलं. ऐतिहासिक तळं म्हटल्यावर लगेच मंजूर झालं की!"

ती अभिमानानं सांगत होती आणि सांगण्यासारखंच होतं ते. मी अण्णांकडे पाहिलं नाही. अण्णांनी कंसात घातलेलं नाव कंसातून सुटलं, त्या नावानं जेसीबी आणला, आणि जेसीबीनं दगडावरचं खरं नाव, जे काही होतं ते, खरवडून नेलं. मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. अण्णा बराच वेळ त्या खड्ड्यात बोट घालून बसले होते. मुरलीनं तरीही यंत्र लावलं. उजेडाचे पट्टे त्या रिकाम्या जागेवरून नेमानं सरकत गेले.

सोमवारी ऑफिसात त्यानं तो खांब पडद्यावर उभा केला, सगळ्या बाजूंनी फिरवला, उजेड तिरका टाकला, सरळ टाकला. मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहून नखं खात होते. "मॅडम," तो शेवटी हिंदीत म्हणाला, "वहाँ पत्थर ही नहीं है. अक्षर कहाँ से आएगा?"

घरी सांगितलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "म्हणजे हो नाही आणि नाही पण नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "मग कंसच राहिले."

पाणी त्यानंतर दोन-तीन दिवसांत आलं. साकम्मानं स्वतः फोन केला, ओरडून सांगितलं, "नीरू बंतु!" आणि पाठीमागं बायकांचा कल्लोळ. अण्णा मनापासून "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, "छान झालं" म्हणाले. ते मनापासून होतं हे मी शपथेवर सांगेन. फोन ठेवल्यावर मात्र ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

तळं भरलं की तिथं बागिन देतात. दोन सुपं, त्यांत हळद, कुंकू, बांगड्या, डाळ-तांदूळ, खण, आणि ती जोडून पाण्यात सोडायची, पाण्याची ओटी भरल्यासारखी. त्या वर्षीचं बागिन मारव्वेच्या नावानं होतं आणि अण्णांना बोलावणं होतं, मारव्वेला शोधून काढणारे म्हणून. जावं की नाही यावर घरात दोन दिवस खल झाला. "जाऊन सांगतो," अण्णा म्हणाले. "माईकवरून सांगतो. त्याशिवाय सुटका नाही."

बांधावर मांडव होता. बायका नवी लुगडी नेसून, केसांत अबोली माळून आल्या होत्या. पाण्याला थोडा फेस होता, थोडा वासही, पण पाणी होतं. बगळे आले होते. मोरीचे खांब कुठं असतील ते नुसतं अंदाजानं दाखवता येत होतं. अण्णांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला, अंगावर शाल घातली. ते माईकपाशी गेले आणि स्वच्छ कानडीत म्हणाले, "मारव्वे हे नाव माझा अंदाज आहे. दगडावर ते नाव मी वाचलेलं नाही. तुम्ही जे ऐकलंय ते असं आहे," आणि 'मारव्वे' म्हणताना त्यांनी सवयीनं दोन्ही हात उभे धरले, शब्दाच्या दोन्ही बाजूंना.

समोरच्या सगळ्या बायकांनी हात जोडले. त्यांना वाटलं अण्णा मारव्वेला नमस्कार करतायत. मग टाळ्या. मग सुपं पाण्यात सोडायची घाई झाली.

परत येताना गाडीत अण्णा पेटा मांडीवर घेऊन बसले होते. "मी सांगितलं ना गं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलंत अण्णा."

"ऐकू गेलं ना?"

"ऐकू गेलं," मी म्हणाले.

मग राहिलं संकेतस्थळ. चूक कळवायची तिथं सोय आहे. अण्णा सांगायचे, मी टाइप करायची. प्रत्येक वेळी मजकूर अधिकाधिक नम्र होत गेला. महोदय, आपलं कार्य मोलाचं आहे, फक्त दोन कंसांची विनंती. उत्तर तत्काळ यायचं आणि नेहमी तेच असायचं, आपली सूचना मिळाली, आभारी आहोत. त्या झटपट उत्तराची मला धास्ती बसली. कुणीतरी वाचलं असतं तर उशीर तरी लागला असता. मूळ पानाचा फोटो पाठवला, मुरलीचा स्कॅन पाठवला. तो स्कॅन आता माझ्या घरी एका डिस्कवर आहे, ऑफिसात दुसऱ्या, आणि तिसरी प्रत भाच्याकडं. तरी मी महिन्यातून एकदा उघडून बघते. दगड पाण्याखाली आहे. ही फाइल गेली तर अण्णा काय म्हणत होते याचा पुरावा उरणार नाही.

दरम्यान काचबिंदूनं आपलं काम केलं. कडांचा अंधार मधे आला. अण्णांनी फारसा त्रागा केला नाही. भाच्यानं त्यांना फोन कानानं वापरायला शिकवलं. बोट फिरवलं की आतली बाई वाचून दाखवते. अण्णा तिला 'ती बाई' म्हणतात, जरा आदरानंच. बातम्या ती वाचते, हवामान ती सांगते. आणि दर काही दिवसांनी अण्णा तिच्याकडून ते पान वाचून घेतात. ती बाई न अडखळता सांगते, नायकाची मुलगी मारव्वे हिनं हे तळं बांधवलं. अण्णा मान हलवतात. "अजून तसंच," म्हणतात.

मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली आहे. वय झालंय त्यांचं. मनातल्या मनात मी हिशेब घालते तो काही सांगण्यासारखा नाही. माणूस जाताना काय घेऊन जातो, काय मागं ठेवतो, याबद्दल पुष्कळ बोललं जातं. आपण जे बोललोच नाही ते आपल्या नावावर मागं राहणार, याची धास्ती मी फक्त अण्णांच्या तोंडावर पाहिली आहे. त्यांना मोठेपणा नको. उलट आहे त्यातला थोडा परत करायचाय.

परवा दुपारी, टँकर गल्लीत पिपाणी वाजवत असताना, मी सवयीनं ते पान उघडलं. आणि कंस होते.

मी चष्मा पुसला. पान बंद करून परत उघडलं. मारव्वेच्या अलीकडं एक, पलीकडं एक, दोन्ही चौकटी, सरळ, काळे. खाली बारीक अक्षरात सुधारणेची नोंदसुद्धा. कुणीतरी, कुठंतरी, खरोखर वाचलं होतं. मी अण्णांच्या खोलीत धावतच गेले. धाप लागली होती. "अण्णा, आले! कंस आले!"

ते उठून बसले. हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट फिरवलं. ती बाई म्हणाली, "नायकाची मुलगी मारव्वे हिनं हे तळं बांधवलं."

त्यांनी परत बोट फिरवलं. ती परत तेच म्हणाली, त्याच चालीत.

"अहो ती चिन्हं वाचत नाही," मी म्हणाले. "पडद्यावर आहेत. मी बघतेय ना."

"हं."

"थांबा." मी फोन घेतला. कुठल्या तरी सेटिंगमध्ये शिरले, सगळी चिन्हं वाच असं तिला सांगितलं. घाईत दोनदा भलतंच दाबलं गेलं. मग तेच पान लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. आता ती बाई म्हणाली, चौकटी कंस सुरू, मारव्वे, चौकटी कंस पूर्ण.

अण्णांनी लक्ष देऊन ऐकलं. मग चेहरा माझ्या दिशेनं वळवला. नेमका माझ्याकडं नाही, थोडा बाजूला.

"आधी म्हणाली नव्हती," ते म्हणाले. "तू काहीतरी केलंस, मग म्हणाली."

"अण्णा, मी फक्त..."

"राहू दे गं वैजू." त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि थोपटला. "एवढं केलंस माझ्यासाठी, पुरे झालं. सरी."

मी त्यांचं बोट धरून पडद्यावर टेकवलं, नेमकं त्या कंसावर. काच गुळगुळीत. बोट लागलं तसं पान सरकून भलतीकडं गेलं आणि ती बाई दुसऱ्याच कुठल्या गावच्या दगडाबद्दल बोलायला लागली.

"आहेत अण्णा," मी म्हणाले. "खरंच आहेत. शप्पथ." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"हो, आहेत," अण्णा म्हणाले, आणि माझी समजूत घालायला हसले.